आधी चित्रामागे तारीख घाला

वाचकांचे प्रश्न : शाळेतून घरी येणारी मुलांची चित्रं आणि हस्तकला

एप्रिलअखेर शाळा संपते आणि वर्षभर वर्गाच्या भिंतीवर लावलेलं, बाईंच्या कपाटात ठेवलेलं सगळं एकदम घरी येतं. भेंडीचे ठसे, घोटीव कागदाची चिकटकामं, तेलकट खडूंची निसर्गचित्रं, डाळी चिकटवलेला मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी सीनियर केजीत आहे. शाळेतून जवळजवळ रोज एक कागद घरी येतो. आमचं घर दोन खोल्यांचं. कपाटाचा एक कप्पा भरला, आता पलंगाखाली पिशव्या आहेत. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. काय ठेवावं याचा काही नियम आहे का? — एक आई, ठाणे

उत्तर : नियम सांगतो, पण ‘काय ठेवायचं’ याच्या आधी ‘कधी ठरवायचं’ ते पाहू. चित्र ज्या दिवशी घरी येतं त्या दिवशी निवड करू नका. त्या दिवशी मुलीला प्रत्येक कागद जिवापाड प्रिय असतो आणि तुम्ही दमलेल्या असता. साडीचा किंवा शर्टाचा एक सपाट खोका घ्या. आत ए-फोर कागद (२१ बाय २९.७ सेंटीमीटर) न दुमडता बसला पाहिजे. आलेलं प्रत्येक चित्र महिनाभर त्या खोक्यात जाईल.

खोक्यात टाकण्याआधी एकच काम करायचं आणि ते त्याच संध्याकाळी करायचं. चित्राच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने तारीख आणि मुलीचं वय लिहायचं, आणि चित्राबद्दल ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता उतरवायचं. बॉलपेन वापरू नका, दाबाने पुढच्या बाजूला वळ उठतात. स्केचपेनची शाई कागदातून पुढे झिरपते.

या ओळीचं महत्त्व काही वर्षांनी कळतं. समजा, कागदावर एक निळा वाटोळा गोळा आहे, त्याला खाली दोन काड्या आणि वर तीन टिंबं. चार वर्षांनी हा कागद हातात आला तर तो नुसता निळा गोळा असेल. मागे ‘हा बाबा आहे. पावसात भिजला म्हणून निळा झाला. वरती त्याची छत्री उडाली’ एवढं लिहिलेलं असेल, तर तेच चित्र घरातली सगळ्यात मोलाची वस्तू होते. चित्रं खूप आणि मागे काहीच लिहिलेलं नाही, यापेक्षा चित्रं थोडी आणि प्रत्येकाच्या मागे एक ओळ, हे कधीही चांगलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी खोका फरशीवर रिकामा करा आणि सगळे कागद सुटे मांडा. मुलीला ‘यातली कोणती टाकूया?’ असं विचारू नका, ‘यातली कोणती दोन जपून ठेवूया?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर ती सगळे कागद छातीशी धरून बसते. दुसऱ्या प्रश्नावर ती नीट बघू लागते, कारण आता निवडायचं काम तिचं आहे. महिन्याला दोन म्हणजे जून ते एप्रिल साधारण वीस-बावीस चित्रं. शिवाय वर्षाला तीन चित्रं तुमच्या पसंतीची ठेवा, तिने ती नाकारली असली तरी. बालवाडीपासून दहावीपर्यंत या हिशेबाने सव्वातीनशेच्या आसपास कागद होतात. मध्ये बटर पेपर घालूनही ते वीतभर उंचीच्या एका पेटीत मावतात.

तुमच्या तीन चित्रांसाठी निकष म्हणून ‘पहिल्यांदा’ हा शब्द लक्षात ठेवा. पहिल्यांदा टोकाला टोक जुळून बंद झालेलं वर्तुळ. तीन-चार वर्षांची असताना डोक्यालाच हातपाय फुटलेला पहिला माणूस. पाच ते सातच्या दरम्यान कागदाच्या तळाशी आलेली पहिली जमिनीची रेघ, जिच्यावर झाड, घर, माणसं एका ओळीत उभी राहतात. भिंतीतून आतलं स्वयंपाकघर दिसणारं घर. उलटा ‘र’ काढून केलेली पहिली सही. ही चित्रं दिसायला फार सुबक नसतील, पण तिच्या नजरेत काय बदललं ते यांतच दिसतं.

उलट, छापील आंब्यात रंग भरलेला कागद निर्धास्त जाऊ द्या. वर्गातल्या तीसही मुलांकडे तोच आंबा असतो. रेघेच्या आत रंग भरायला हात बसावा लागतो आणि तो सराव उपयोगाचाही आहे, पण ते मुलीचं चित्र नव्हे.

न निवडलेल्या कागदांची कोरी बाजू हिशेबाला, किराण्याच्या यादीला वापरा. मोठ्या चित्रांची भेटवस्तूंवरची वेष्टनं होतात, उभ्या पट्ट्या कापल्या तर पुस्तकातल्या खुणा होतात. मग उरलेलं रद्दीत. चमकी, टिकल्या, कापूस किंवा मेणखडूचा जाड थर असलेले कागद मात्र रद्दीत घालू नका. त्यांचा लगदा नीट होत नाही आणि बाकीचा कागदही खराब होतो. ते सुक्या कचऱ्यात वेगळे द्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाची जुनी चित्रं मी त्याला न सांगता कचऱ्यात टाकली. सकाळी घंटागाडीत टाकताना त्याने त्यातलं एक ओळखलं. खूप रडला. ‘तुला आवडलं म्हणून मी तुला दिलं होतं’ असं म्हणाला. आता काय करू? — एक वडील, पुणे

उत्तर : त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्याच्या दृष्टीने ते चित्र भेट होतं आणि भेट कचऱ्यात गेली. त्याच्याशी बोलताना जागा कमी पडते, कागद जुना होता ही कारणं पुढे करू नका. ‘मी तुला न विचारता टाकलं, ते चुकलं. तुला वाईट वाटलं हे मला कळलं’ इतकं सरळ बोला. ‘परत काढ ना, त्यात काय एवढं’ हे वाक्य टाळा. त्याने ते एकदा काढलं होतं, त्या दिवशी, तुमच्यासाठी.

त्यानंतर त्याच्यासमोर एक खोका त्याच्या नावाचा करा. ‘यातलं काहीही तुझ्याशिवाय बाहेर जाणार नाही’ असं सांगा आणि तो शब्द पाळा. खोका भरला की दोघांनी मिळून रिकामा करायचा. त्याला आठवत असेल तर गेलेल्या चित्रात काय होतं ते विचारून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद खोक्यात सगळ्यात वर ठेवा. तुम्ही मनापासून ऐकलंत हे त्याला पुरेसं असतं.

प्रश्न : मुलीची तेलकट खडूंची दोन चित्रं टिकावीत म्हणून झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली. रंग पसरले, मध्ये फुगे आले. बाकीची चित्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती, तीही पावसाळ्यात चिकटली. आमच्याकडे दमटपणा फार. कसं जपावं? — एक आई, रत्नागिरी

उत्तर : मशीन, दुकानदार, तुम्ही, कोणाचाच दोष नाही. तेलकट खडूला लॅमिनेशन चालतच नाही. या खडूत रंगाची पूड, मेण आणि कधीच न वाळणारं तेल असतं. म्हणून काढून दहा वर्षं झालेल्या चित्रावर बोट फिरवलं तरी रंग बोटाला लागतो. मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि लॅमिनेशनचे रूळ शंभर अंशांच्या वर तापलेले असतात. रंग तिथेच पातळ होऊन पसरतो. शिवाय प्लास्टिकचा गोंद मेणकट पृष्ठभाग धरत नाही, म्हणून फुगे. मेणखडूचंही हेच होतं. झालेलं लॅमिनेशन सोलायला जाऊ नका, कागदाचा वरचा थरच निघून येईल. त्या दोन चित्रांचे फोटो काढून ठेवा आणि ती आहेत तशी सपाट, गार जागी ठेवा.

फोल्डरचं कारण वेगळं. मऊ, लवचीक, उग्र वास येणारं प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेला तेलासारखा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि खडूचा रंग ओढून घेतो. फोल्डर घ्यायचाच तर हलवल्यावर कडकड वाजणारा, बिनवासाचा, पीपी लिहिलेला घ्या. तरीही तेलकट खडूसाठी फोल्डर नकोच. तो पेन्सिल, स्केचपेन आणि जलरंगाच्या चित्रांसाठी ठेवा.

तेलकट खडूच्या चित्रावर स्वयंपाकात वापरतो तो गुळगुळीत बटर पेपर चित्राएवढा कापून नुसता ठेवा, चिकटवू नका. अशी दहा चित्रं एकावर एक पुरे. त्याहून जास्त झाली की खालच्या चित्रावर भार येऊन रंग बटर पेपरवर उतरतो. मध्ये वर्तमानपत्र कधीही घालू नका. त्याची शाई उठते, आणि तो कागद स्वतः आम्लधर्मी असल्याने वर्षा-दोन वर्षांत शेजारच्या पांढऱ्या कागदावर पिवळा डाग पाडतो. चौकट करायची तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट बोर्डची पट्टी घालायला सांगा. दोन-तीन मिलिमीटरचं अंतर राहिलंच पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं.

आता दमटपणा. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, तिथे नको. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा असेल तर त्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमपर्यंत पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांचा उपयोग नाही, कारण हवा सतत आतबाहेर होते. चित्रं डब्यात भरायची ती कोरड्या दिवशी. ऑगस्टमध्ये भरलीत तर ऑगस्टचा दमटपणाच आत कोंडून ठेवाल. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की डबा उघडून चित्रं घरातच पंख्याखाली तासभर सुटी ठेवा. थेट उन्हात नको, स्केचपेनचे रंग भराभर उडतात.

बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती अजून पसरते. ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करून पूर्ण सुकू द्या. मग गच्चीत किंवा अंगणात नाकाला मास्क लावून मऊ ब्रशने हलकेच झटका. ते मोठ्यांनी करायचं, मुलांसमोर नको. कसर लागते ती मुख्यतः खळीने चिकटवलेल्या कामाला, तिला पिष्ट हवं असतं. अशी कामं वेगळ्या खोक्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या मुलांच्या वस्तूंत घालू नका. मूल ती गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालू शकतं आणि ते विषारी आहे. थर्माकोलही तिच्या वाफेने मऊ पडून विरघळू लागतं.

चित्रात मेणखडू आहे की तेलकट खडू ते कळत नसेल तर कोपऱ्यात एका बोटाने हलकेच घासून बघा. बोट रंगलं तर तेलकट खडू समजा. पोस्टर कलरचा जाड थर मात्र चिकटत नाही, तो तडकतो आणि खपल्या पडतात. ते चित्र दुमडायचं नाही, इतकंच पथ्य.

प्रश्न : शाळेत केलेल्या डाळींच्या मोराला टोके झाले. उन्हात ठेवला तरी पुन्हा भुगा पडतो. टाकायला मुलगा तयार नाही. — एक आई, सातारा

उत्तर : उन्हाने बाहेरचे किडे पळतात, पण डाळीच्या दाण्याच्या आत अंडी आणि अळ्या तशाच राहतात, म्हणून पुन्हा भुगा. यावर थंडी जास्त उपयोगी. मोर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि फ्रीजरमध्ये, खालच्या फ्रीजच्या भागात नव्हे, सात दिवस ठेवा. फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, तेवढ्याने अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार वस्तूवर पाणी जमतं आणि डिंक सुटतो. चोवीस तास तशीच बाहेर ठेवा, मग उघडा.

नंतर कोरड्या ब्रशने भुगा काढा. पांढरा लाकडी गोंद, म्हणजे फेव्हिकॉल, आणि पाणी समप्रमाणात मिसळा आणि ब्रशने सगळ्या दाण्यांवर हात फिरवा. आधी पांढरं दिसेल, वाळल्यावर पारदर्शक होतं. चार तासांनी दुसरा हात. कडांवर आणि पाठीमागेही लावा, किडा आत शिरतो तो बहुतेक कडेने. क्रम बदलू नका. आधी गोंद लावून मग गोठवलं तर थर तडकतो, आणि गोठवलंच नाही तर किडे आतच राहतात. रांगोळी भुरभुरवलेल्या चित्रावर ब्रश चालत नाही, रांगोळी सरकते. तिथे तेच मिश्रण आणखी पातळ करून फवाऱ्याने दुरून मारा.

मक्याचे दाणे, शेवया, बिस्किटं चिकटवलेली कामं असतील तर एवढी खटपट करू नका. झुरळं आणि उंदीर येणारच. मुलाला ते हातात धरायला सांगून छान फोटो काढा आणि त्याला विश्वासात घेऊन निरोप द्या.

प्रश्न : नातू जर्मनीत आहे. त्याने शाळेत काढलेली चित्रं माझ्या वाढदिवसाला नळीत गुंडाळून पाठवली. उघडली की परत गुंडाळी होते. इस्त्री करू का? — एक आजी, सांगली

उत्तर : आजी, इस्त्री अजिबात नको. मेण वितळेल, पोस्टर कलर तडकेल. उलट दिशेने घट्ट गुंडाळून सरळ करायचा मोहही आवरा, त्यानेही रंगाला चिरा पडतात.

चित्र टेबलावर मोकळं पसरा आणि एक दिवस नुसतं पडू द्या. कडांवर कोऱ्या कागदाच्या घड्या आणि त्यावर वाट्या ठेवल्या तरी चालेल. हवा जरा दमट असेल तर कागद आपोआप सैल पडतो. दुसऱ्या दिवशी खाली एक आणि वर एक कोरा पांढरा कागद घाला, त्यावर पाट किंवा पोळपाट नको, चित्राहून मोठी सपाट फळी ठेवा आणि वर तीन-चार किलोची पुस्तकं. दोन-तीन दिवसांत चित्र सरळ होतं. चित्र तेलकट खडूचं असेल तर फळी ठेवू नका, नुसत्या चारी कडांवर वजन ठेवा. पाणी शिंपडण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, स्केचपेन आणि जलरंग पुढे फुटतात.

पुढच्या वेळी सुनेला किंवा मुलाला सांगा की चित्र सपाट पाठवा. चित्रापेक्षा दोन सेंटीमीटर मोठे दोन पुठ्ठे, मध्ये चित्र, चारी बाजूंनी चिकटपट्टी. चित्र फार मोठं असेल आणि गुंडाळावंच लागलं, तर नळी निदान आठ-दहा सेंटीमीटर रुंद हवी आणि रंगाची बाजू बाहेर हवी. आपल्याला वाटतं रंग आत असला की सुरक्षित, पण आत गुंडाळलेला रंगाचा थर दाबला जाऊन त्याच्या खपल्या निघतात. बाहेर असला तर तो ताणला जातो आणि सरळ केल्यावर पुन्हा बसतो.

आणि नातवाला फोनवर ‘छान काढलंस’ एवढंच सांगून थांबू नका. ‘तू घराच्या धुराड्यावर बसवलेला पक्षी मला सापडला, त्याचं नाव काय?’ असं विचारा. आजीने चित्र खरोखर बघितलं हे त्याला कळू द्या.

प्रश्न : सगळ्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं ठरवलं आहे. पण फोटोत पांढरा कागद पिवळा येतो, कडा वाकड्या येतात, पेन्सिलीच्या फिकट रेघा दिसतच नाहीत. — एक वडील, नाशिक

उत्तर : कागद पिवळा येतो तो घरातल्या दिव्यामुळे. दिवे आणि फ्लॅश दोन्ही बंद करा. सकाळी नऊ ते अकरा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ चित्र जमिनीवर ठेवा. खिडकीच्या समोरच्या बाजूला एक पांढरा कार्डशीट उभा करा. त्यावरून परतलेला उजेड चित्राच्या अंधाऱ्या कडेवर पडतो.

कडा वाकड्या येतात कारण आपण मोबाइल फार जवळ धरतो. उभे राहून, चित्राच्या बरोबर वर, मोबाइल जमिनीला समांतर धरा आणि जवळ जाण्याऐवजी दुप्पट झूम करा. कॅमेऱ्यातल्या चौकटीच्या रेघा चालू करा आणि चित्राच्या कडा त्यांना समांतर घ्या. हात हलत असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावा.

फिकट रेघा जातात त्याचं कारण बहुधा स्कॅनचं अ‍ॅप. त्यातला ‘डॉक्युमेंट’ पर्याय कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात पेन्सिल आणि फिकट पिवळा पुसून टाकतो. साधा कॅमेरा वापरा, किंवा अ‍ॅपमध्ये रंगीत फोटोचा पर्याय निवडा. घरी किंवा दुकानात स्कॅनर असेल तर निवडक चित्रांसाठी ३०० डीपीआय पुरे. ए-फोर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं आणि पुन्हा त्याच आकारात छापता येतं. तेलकट खडूचं चित्र स्कॅनरच्या काचेवर उपडं घालू नका, काच रंगते आणि मग प्रत्येक कागदावर तोच डाग येतो.

पाठीमागच्या ओळीचाही लगेच फोटो घ्या. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, उदाहरणार्थ ‘२०२५-०७-पाऊस-बाबा’, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होतं, म्हणून नातेवाइकांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल दोन ठिकाणी हवी, कारण मोबाइल हरवतो.

मात्र फोटो झाले म्हणून सगळे कागद टाकू नका. खडूचा जाड थर, जोरात दाबून फाटलेली जागा, खोडून खोडून काळवंडलेला कोपरा, हे हाताला कळतं, पडद्यावर दिसत नाही.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा सूर्य जांभळा काढतो. शाळेतल्या बाईंनी चित्रावरच लाल पेनने ‘रंग चुकीचा’ असं लिहिलं. आता तो घरी आणल्या आणल्या चित्र लपवतो. शिवाय स्पर्धा असली की सासूबाई त्याचं चित्र ‘जरा नीट’ करून देतात. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : या वयात रंग वस्तूच्या खरेपणासाठी निवडला जात नाही. आवडला म्हणून, हाताशी होता म्हणून, किंवा आज सूर्याबद्दल त्याला तसं वाटलं म्हणून तो निवडला जातो. सहा-सातनंतर मुलं आपणहून ‘झाड हिरवं, आभाळ निळं’ असा नियम धरतात आणि मग पुष्कळ वर्षं सोडत नाहीत. त्याआधीचा हा जांभळा सूर्य फार थोडे दिवस टिकतो. त्याला जपा.

बाईंना मुलासमोर काही बोलू नका. पालकभेटीत शांतपणे विचारा की शेरा द्यायचा असेल तर चित्रावर न देता मागे किंवा चिठ्ठीवर देता येईल का. पुष्कळ शिक्षक हे लगेच मान्य करतात. पन्नास वह्या तपासताना हात आपोआप लाल पेनाकडे जातो, मनात वाईट नसतं. शेरा असलेलं ते चित्र घरात, मुलाच्या उंचीवर लावा.

दाराच्या चौकटीला दोन लहान खिळे मारून त्यांच्यामध्ये सुतळी ताणा आणि लाकडी चिमट्यांनी एका वेळी चार ते सहा चित्रं टांगा. दुहेरी चिकटपट्टी नको, निघताना भिंतीचा रंग आणि चित्राचा कोपरा दोन्ही घेऊन येते. स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेचा थर बसतो, तिथेही नको. दर पंधरा दिवसांनी चित्रं बदला. न बदललेल्या चित्राकडे घरात कोणी पाहत नाही आणि ते मुलाला कळतं.

चित्र हातात घेतल्यावर ‘हे काय आहे?’ असं विचारलं की मुलाला वाटतं, ओळखू येत नाही म्हणजे फसलं. ‘छान!’ म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. जे दिसतं ते बोला : ‘इथे तू खूप जोर लावलास, कागद चमकतोय. हा जांभळा सगळीकडे आहे, पण या कोपऱ्यात नाही.’ मग गप्प बसा आणि थांबा. पुढचं तो सांगेल.

सासूबाईंना दुखवू नका, पण त्यांचा हात चित्रावरून काढा. त्यांना वेगळा कागद द्या. शेजारी बसून त्या त्यांचं चित्र काढतील, तो त्याचं. मोठ्यांनी सुधारलेल्या चित्राला बक्षीस मिळालं तर मुलाला त्यातून एकच कळतं की त्याचं स्वतःचं पुरेसं नव्हतं. ते बक्षीस मिळालं नाही तरी चालेल.

प्रश्न : तिसरीच्या मुलीला प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलचा किल्ला करायला सांगितला. रात्री जागून आम्हीच केला. आता तो परत आला आहे, तीन फूट लांब. — एक पालक, डोंबिवली

उत्तर : तो तुमचा आहे, मुलीचा नाही, त्यामुळे ठेवण्याचा विचारही तुमच्या हौसेपुरता करा. तिने स्वतः काही केलं असेल, एखादा बुरूज, कागदी भगवा, मावळे, तर तेवढं सुटं करून तिच्या पेटीत ठेवा. किल्ल्याशेजारी तिला उभं करून एक फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मग तुकडे करून सुक्या कचऱ्यात द्या. थर्माकोल जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो आणि मुलं जवळच उभी असतात. पुढच्या वेळी शाळेला विचारा की पुठ्ठ्याचे खोके आणि माती चालेल का. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला आपल्या हातांनी करतातच. तो वाकडा होईल, पण तिचा असेल.

प्रश्न : मुलगा आठवीत. एलिमेंटरीची परीक्षा झाली. सरावाची सव्वाशे चित्रं आहेत, तो सगळी टाकायला निघाला आहे. मला वाईट वाटतं. — एक आई, नागपूर

उत्तर : या वयात आपलंच जुनं काम मुलांना नकोसं होतं, आणि चित्रं त्याची आहेत. त्याला टाकू द्या, फक्त एक विनंती करा. वस्तुचित्राच्या सरावातली एकाच वस्तूची, समजा तांब्याची किंवा किटलीची, पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तीन चित्रं मागून घ्या. पहिल्या तांब्याचं तोंड सपाट रेघेसारखं असेल, मधल्यात लंबवर्तुळ आलं असेल आणि शेवटच्यात सावली तांब्याच्या बुडाला चिकटलेली असेल. तीन कागदांत त्याचं सगळं वर्ष आहे. संकल्पचित्राचं एक ठेवा. स्मरणचित्रांतलं त्याच्या आवडीचं एक. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखनाचा सराव जाऊ द्या.

कागद पाव इंपीरियल आकाराचे, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटीमीटर असतील तर ए-फोर फोल्डरमध्ये दुमडून कोंबू नका. दोन कार्डशीट ३२ बाय ४२ सेंटीमीटरचे कापा, लांब बाजूला बाइंडिंगची कापडी पट्टी लावून पुस्तकासारखे जोडा आणि उरलेल्या तीन बाजूंना नाडी बांधायला भोकं पाडा. भोकं कडेपासून दीड सेंटीमीटर आत असू द्या, नाहीतर पुठ्ठा फाटतो. परीक्षेचं प्रमाणपत्र मात्र या चित्रांसोबत ठेवू नका आणि लॅमिनेटही करू नका. ते शाळेच्या इतर कागदपत्रांच्या फाइलमध्ये, सुटं, पीपीच्या पाकिटात ठेवा. पुढे त्याने इंटरमिजिएट दिली तर तेही त्याच पाकिटात राहील, आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी शाळेने मागितलं की लगेच सापडेल.